सावित्रीमाईंची फुले आणि प्लेगातील वाट

१० मार्च हा क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचा स्मृतिदिन. १८९७ साली याच दिवशी रात्री प्लेगने त्यांचा बळी घेतला. दरवर्षी या दिवशी आपण प्रतिमेला हार घालतो, पहिली शिक्षिका म्हणून भाषणे ऐकतो आणि घरोघर परततो. शिक्षिका म्हणून त्यांचे मोठेपण वादातीत आहे. परंतु त्यांच्या आयुष्याच्या दोन बाजू या भाषणांत मागे पडतात. सावित्रीमाई फुलांवर, मातीवर, झाडावेलींवर कविता लिहिणाऱ्या कवयित्री होत्या, ही एक बाजू. महामारीत रुग्णाला स्वतःच्या पाठीवर वाहून आणताना त्यांनी मरण पत्करले, ही दुसरी. या दोन बाजू वेगळ्या नाहीत, एकाच विचाराची ती दोन टोके आहेत, असे आमचे ठाम मत आहे. म्हणून आजच्या लेखात आम्ही त्याच अंगाने त्यांचे चरित्र सांगणार आहोत.

हा विषय आताच का, असे कोणी विचारील. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली तेव्हाचे दिवस आठवून पाहा. वर्तमानपत्रांचे रकाने निसर्गाच्या वर्णनांनी भरले होते. शहरांची हवा स्वच्छ झाली, खिडकीत पक्षी येऊ लागले, कोणी गच्चीवर बाग केली, कोणी चित्रे काढली, कोणी कविता लिहिल्या. निसर्गाने आम्हाला धीर दिला, असे लोक सांगत होते. यात खोटे काही नाही. भयभीत झालेल्या माणसाला एखादे हिरवे झाड, पहाटेचा पक्ष्यांचा आवाज मोठा आधार देतो. पण त्याच दिवसांत लाखो मजूर उन्हातान्हात पायी गावाकडे निघाले होते. झोपडपट्टीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसे कोंडली गेली होती. त्यांच्या वाट्याला ना गच्ची होती, ना खिडकी. सार्वजनिक बागांना कुलपे होती. ज्या सोसायट्यांत कबुतरांना दाणे टाकले जात होते, त्यांतल्या कित्येकांच्या फाटकावर धुणीभांडी करणाऱ्या बाईला अडवले जात होते. मग सवाल असा उभा राहतो की, निसर्गाचा दिलासा नेमका कोणासाठी? या सवालाचे उत्तर सावित्रीमाईंनी केव्हाच देऊन ठेवले आहे, आणि ते त्यांच्या जगण्यातून दिले आहे.

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. शेतकरी घराणे. पेरणी, खुरपणी, राखण हे त्या घराचे रोजचे जगणे होते. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह जोतीरावांशी झाला. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या व्यवसायामुळे ते फुले झाले. म्हणजे माहेरी शेत आणि सासरी फुलांचा मळा. ज्यांच्या घरी फुले केवळ देव्हाऱ्यापुरती येतात त्यांना फुलामागची मेहनत कळत नाही. पहाटे उठून कळ्या खुडणाऱ्या, वाफ्याला पाणी देणाऱ्या हातांना ती कळते. सावित्रीमाईंचे निसर्गप्रेम हे असे कष्टकऱ्याचे निसर्गप्रेम होते.

त्यांचे शिक्षणही शेतातच सुरू झाले. जोतीरावांनी सावित्रीमाईंना आणि सगुणाऊंना मळ्यातल्या आंब्याच्या झाडाखाली शिकवले, डहाळीची लेखणी केली आणि मातीची पाटी केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. स्त्रीला आणि शूद्राला अक्षराचा अधिकार नाही, असे धर्मशास्त्र सांगत होते. मातीने मात्र असा भेद केला नाही. तिच्यावर जो कोणी काडीने रेघ ओढील त्याचे अक्षर ती उमटवून दाखवत होती. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीमाई शिकवायला जाऊ लागल्या, तेव्हा सनातन्यांनी त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकले. पिशवीत दुसरे लुगडे घेऊन त्या शाळेत जात राहिल्या. पुढे समाजाच्या दडपणामुळे सासरचे घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. फातिमा शेख या शिक्षणकार्यात त्यांच्या सहकारी झाल्या. हा इतिहास आपल्या वाचकांना पाठ आहे, म्हणून आम्ही येथे थांबत नाही.

१८५४ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, सावित्रीमाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात शूद्रातिशूद्रांच्या दुःखावर, मनूच्या शिकवणुकीवर, पेशवाईवर, इंग्रजी शिकण्याच्या गरजेवर कविता आहेत. चळवळीत याच कवितांची चर्चा होते. परंतु त्याच संग्रहात 'पिवळा चाफा' आहे, 'जाईचे फूल' आहे, 'जाईची कळी' आहे, 'गुलाबाचे फूल' आहे, 'फुलपाखरू आणि फुलाची कळी' आहे, 'मातीची ओवी' आहे. काही समीक्षक या कवितांकडे विरंगुळा म्हणून पाहतात, तर आपल्यातलेही काही जण त्यांना क्रांतीशी संबंध नसलेल्या म्हणून बाजूला ठेवतात. दोघेही चुकतात. जाईच्या फुलावर लिहिताना सावित्रीमाई त्याचा सुगंध सांगून थांबत नाहीत. उपभोग घ्यायचा आणि मग टाकून द्यायचे ही जगाची रीतही त्या सांगतात. गुलाब आणि कण्हेर शेजारी ठेवून, रंगरूपात साम्य असलेल्या दोन फुलांतले एक राजपुत्र आणि दुसरे सामान्य कसे ठरते, हे त्या दाखवतात. फुलपाखरू आणि कळीच्या कवितेत मध घेऊन उडून जाणारा आणि मागे कोमेजणारी यांची गोष्ट आहे. स्त्रीच्या स्थितीवर याहून नेमके बोट कोणते ठेवणार? मानव आणि सृष्टी या विषयावरच्या कवितेत तर माणूस आणि निसर्ग ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, असा विचार त्यांनी मांडला आहे. अंगावर शेण झेलण्याच्या त्या काळात ही बाई चाफ्याचा रंग पाहत होती आणि त्यावर लिहीत होती, ही साधी गोष्ट नाही. ज्यांना लढायचे असते त्यांना सौंदर्याची गरज अधिक असते. मन करपून गेलेला माणूस फार काळ लढू शकत नाही.

१८५६ साली सावित्रीमाई आजारी पडल्या आणि विश्रांतीसाठी नायगावला माहेरी गेल्या. तेथून ऑक्टोबरमध्ये त्यांनी जोतीरावांना पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. आपल्या गैरहजेरीत शाळेचा सगळा भार फातिमावर पडत असेल, ही चिंता त्यात आहे. आणि भावाशी झालेला वाद त्यात आहे. महार-मांगांसाठी काम करून तुम्ही नवराबायको कुळाला बट्टा लावता, असे भावाचे म्हणणे होते. त्यावर सावित्रीमाईंनी जो युक्तिवाद केला तो आम्हाला एका वकिलाच्या नजरेनेही अजोड वाटतो. तुम्ही गाईला, शेळीला मायेने कुरवाळता, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजता, मग महार-मांग ही तुमच्यासारखीच माणसे असताना त्यांना अस्पृश्य का मानता, असा त्यांचा रोख होता. भाऊ निरुत्तर झाला.

वाचकहो, या युक्तिवादाकडे पुन्हा एकदा पाहा. २०२० सालच्या सोसायटीच्या फाटकाला तो जशाचा तसा लागू पडतो. प्राणिमात्रांवर प्रेम करणारा, झाडाला पाणी घालणारा, पक्ष्यांसाठी कुंड्या ठेवणारा समाज माणसाला मात्र दाराबाहेर ठेवू शकतो. त्याचे निसर्गप्रेम खरे असेलही, पण ते महारवाड्याच्या वेशीशी येऊन थांबते. सावित्रीमाईंनी ते तेथे थांबू दिले नाही. त्यांच्या लेखी गाय, नाग, चाफा आणि अस्पृश्य ठरवलेला माणूस ही एकाच सृष्टीची लेकरे होती. म्हणून १८६८ साली फुले दांपत्याने आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पाणी निसर्गाने दिलेले, त्यावर जातीचा पहारा कशाला? पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी हाच प्रश्न साऱ्या देशापुढे उभा केला. हौदापासून तळ्यापर्यंतची ही वाट एकच आहे.

निसर्ग नेहमीच मायाळू नसतो, हेही सावित्रीमाई जाणून होत्या. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात त्या जुन्नर तालुक्यात ओतूर परिसरात मदतकार्य करीत होत्या. तेथून एप्रिल १८७७ मध्ये त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. नद्या-नाले आटलेले, झाडांना पान नाही, जमिनीला भेगा पडलेल्या, गुरे पटापट मरत आहेत, लोक भुकेने निवडुंगाची फळे खात आहेत, असे विदारक चित्र त्यांनी उभे केले. चाफ्याचा रंग टिपणारी तीच नजर येथे करपलेले रान टिपते. पण त्या केवळ आभाळाला दोष देऊन मोकळ्या होत नाहीत. सावकारांनी या संकटातून आपला फायदा कसा उकळला, हेही त्या नोंदवतात. मदतकार्य करणाऱ्या सत्यशोधकांवर अटकेची पाळी आली, तेव्हा कलेक्टरसमोर उभे राहून त्यांनी त्यांची सुटका करवून घेतली. पाऊस न पडणे ही निसर्गाची गोष्ट असली तरी माणसे उपाशी मरणे ही समाजरचनेची गोष्ट आहे, हा धडा त्या पत्रातून मिळतो. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांसाठी धनकवडी येथे बालाश्रम चालवण्यातही त्यांचा वाटा होता.

याच काळात जोतीराव मांजरीला शेती करीत होते आणि १८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' सिद्ध केला. डोंगरावरची पालापाचोळ्याची सुपीक माती पावसाने वाहून जाते, ती बांध घालून शेतात अडवावी, तळी-तलाव बांधावेत, अशा सूचना त्यात आहेत. सरकारी जंगलखात्याने गायराने आणि राने ताब्यात घेऊन गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांची वाट बंद केली, यावर त्यांनी कोरडे ओढले आहेत. फुले दांपत्याचा निसर्गविचार हा असा हक्काचा विचार होता. रान सुंदर आहे, म्हणूनच त्यात गरिबाला पाय ठेवता आला पाहिजे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावर वाद झाला, तेव्हा सावित्रीमाईंनी ते स्वतः हाती घेतले आणि अग्नी दिला. पन्नास वर्षांचा सहवास संपला, पण त्या घरात बसल्या नाहीत. 'बावनकशी सुबोध रत्नाकर' हे काव्य त्यांनी सिद्ध केले, १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद भूषवले, १८९६ च्या दुष्काळात पुन्हा मदतीला उतरल्या. आणि मग प्लेग आला.

हा प्लेग हाँगकाँगहून समुद्रमार्गे आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. विएगस यांनी तो ओळखला आणि पाहता पाहता तो पुण्यात पोचला. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवांमार्फत पसरतो हे १८९८ पर्यंत कोणी दाखवून दिले नव्हते. औषध नव्हते. हाफकिन यांनी लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली होती, पण ती गावोगाव पोचायला अवकाश होता. लोकांच्या हाती एकच उपाय होता. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि रानात, शेतात झोपड्या घालून राहायचे. मोकळी हवा आणि ऊन हेच तेव्हाचे औषध.

सरकारने काय केले? ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम मंजूर केला. आम्ही व्यवसायाने वकील असल्याने या कायद्याबद्दल चार शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. पहिल्यात नाव आणि व्याप्ती, दुसऱ्यात सरकारला अधिकार, तिसऱ्यात आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा, चौथ्यात अंमलबजावणी करणाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण. रुग्णाला उपचार मिळण्याचा हक्क या चार कलमांत कोठेही नाही. २०२० साली, म्हणजे १२३ वर्षांनंतर, याच कायद्याचा आधार घेतला गेला.

कायदा मंजूर झाल्यानंतरच्या ३४ दिवसांत सावित्रीमाईंनी काय केले ते पाहा. दत्तक पुत्र डॉ. यशवंत लष्करात डॉक्टर होते. त्यांना त्यांनी बोलावून घेतले. हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात, म्हणजे यशवंतांच्या सासरच्या मंडळींच्या मळ्यात, वस्तीपासून दूर मोकळ्या हवेत दवाखाना सुरू झाला. ज्या बाईने मळ्यातल्या मातीत पहिले अक्षर गिरवले, तिने अखेरीस मळ्यातच रुग्णालय थाटले. कोणत्याही कायद्याने तिला हे करायला सांगितले नव्हते. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीमाई रुग्णांना आणत होत्या, त्यांची देखभाल करीत होत्या. रोग संसर्गाचा आहे आणि त्यावर औषध नाही, हे डॉक्टर मुलाच्या आईला ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल?

मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाड कुटुंबातला मुलगा प्लेगने आजारी असल्याचे त्यांना कळले. महारवाडा गावाबाहेर. तेथे कोण जाणार, त्या मुलाला कोण शिवणार? प्लेगची भीती एक आणि विटाळाची दुसरी. सावित्रीमाई गेल्या. त्यांनी त्या मुलाला पाठीवर घेतले आणि शेतवाटेने मळ्यातल्या दवाखान्यात आणले. मुंढवा ते हडपसर हे अंतर काही कोसभराचे नाही. मार्चचे ऊन, उतारवय आणि पाठीवर तापाने फणफणलेले पोर. त्याच सेवेत त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले. डॉ. यशवंत पुढे १९०५ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेले.

१८९७ च्या पुण्याच्या प्लेगचा इतिहास शाळेत शिकवला जातो तो रँडचा आणि चापेकरांचा. सोल्जरांनी घरे झडतीला घेतली, २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्या जुलमाबद्दल लोकांत संताप होता, हे खरेच आहे. परंतु त्याच साथीत, त्याच पुण्याच्या सीमेवर, एका स्त्रीने महारवाड्यातले मूल पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, हे त्या धड्यात का नसते? गोळीचा इतिहास मोठा आणि सेवेचा इतिहास लहान, ही वाटणी कोणी केली?

प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहरात समुद्राची हवा खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले गेले, दादर-माटुंग्याला झाडे आणि बागा असलेल्या आखीव वसाहती झाल्या. पण ज्या गरिबांच्या चाळी पाडल्या त्यांतले बहुतेक जण दुसऱ्या दाट वस्तीत फेकले गेले. महामारीने हवा-उजेडाचे महत्त्व शिकवले, पण हवा-उजेडाचे वाटप जुन्याच उतरंडीने झाले. एका साथीचा हा अनुभव गाठीशी असूनही पुढच्या साथीत आपल्या वस्त्यांना श्वास घ्यायला जागा नव्हती, ही शोकांतिका आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात स्वच्छ हवा आणि पाणी हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने ज्या घटनेचा मसुदा तयार केला, तिच्यात हा हक्क सामावलेला आहे. तो कागदावरून वस्तीत आणायचे काम आपले. प्रत्येक शहराच्या विकास आराखड्यात बाग, मैदान, दवाखाना यांसाठी जागा राखीव असतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार ठरावीक मुदतीत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊन आरक्षण संपुष्टात आणू शकतो. आपल्या वस्तीशेजारची बागेची जागा अशीच हातची जाते आणि तेथे टॉवर उभा राहतो, तेव्हा आपण मोर्चा काढतो. त्याआधीच माहितीच्या अधिकारात अर्ज करून आपल्या प्रभागातील आरक्षणांची यादी आणि त्यांची सद्यःस्थिती मागवली, तर बरेच काही वाचू शकते. अर्ज एका पानाचा असतो.

१० मार्चला भाषणे अवश्य व्हावीत. त्यांच्या जोडीला 'काव्यफुले'तील फुलांच्या कविता मुलांकडून वाचून घ्याव्यात, विहाराच्या आवारात, वस्तीच्या कोपऱ्यावर एक चाफा लावावा आणि तो जगवावा. त्या झाडाच्या सावलीत कोणाला बसता येते आणि कोणाला नाही, यावर लक्ष ठेवावे. पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. ती येईल तेव्हा आपल्या पोरांच्या वाट्याला थोडी सावली, थोडी मोकळी हवा आणि हाकेच्या अंतरावर दवाखाना असला पाहिजे. मुंढव्याच्या मुलाला पाठीवर घेणारी माय प्रत्येक वेळी येणार नाही. तिने चाललेली वाट आता आपण चालायची आहे.

क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन! जय भीम, जय जोती, जय सावित्री!